गाडी सेल्फ घेत नाही? नवी बॅटरी आणण्याआधी तीन आकडे मोजा

नाशिकची जानेवारीतली सकाळ होती. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि सव्वासातला दवाखान्यात पोहोचायचं होतं. किल्ली फिरवली, तर बॉनेटखालून नुसतं टक्-टक्-टक्-टक्. डॅशबोर्डवरचे दिवे त्या आवाजाबरोबर विझत होते, पेटत होते. आम्ही रिक्षाने गेलो.

संध्याकाळी जवळच्या दुकानातून माणूस आला. त्याने मंद दिवे बघितले, "बॅटरी गेली साहेब" म्हणाला आणि वीस मिनिटांत नवी बसवून चार हजार दोनशे रुपये घेऊन गेला. त्याने काही मोजलं नाही आणि मीही विचारलं नाही. तेवीस दिवसांनी पुन्हा तीच टक्-टक्, तीही नव्याकोऱ्या बॅटरीवर.

आमच्या शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका राहतात. ते जुना पिवळा मल्टिमीटर घेऊन खाली आले. दुसऱ्या गाडीवरून जम्प देऊन इंजिन चालू केलं आणि बॅटरीवर मोजलं, तर १३.० व्होल्ट. मग लाल टोक अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) जाड बोल्टवर आणि काळं त्याच्याच अंगावर टेकवलं, तर १४.३. "करंट तयार होतोय, पण घरी पोहोचत नाही," काका म्हणाले. बॅटरीची काळी केबल खाली गिअरबॉक्सला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे त्यांनी टॉर्च धरला. पट्टीवर हिरवट-निळी पूड जमली होती आणि बोल्ट बोटांनी फिरत होता. सँडपेपरने पट्टी घासली, बोल्ट आवळला आणि परत मोजलं, तर बॅटरीवर १४.२. खर्च शून्य. माझी जुनी बॅटरी बहुधा धडधाकट होती. अर्थिंग, म्हणजे काळ्या केबलची ही जोडणी, सैल असल्यामुळे ती पूर्ण चार्जच होत नव्हती आणि नवीचंही तेच झालं.

तेव्हापासून घरातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच गाड्यांच्या बॅटऱ्या मी मोजल्या आणि त्यातल्या काही बदलल्याही. काम अवघड नाही, पण क्रम चुकला तर पैसे जातात आणि कधी हातही भाजतो. म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

१. आधी आवाज ऐका

पाना हातात घेण्याआधी किल्ली एकदा फिरवून शांतपणे ऐका. गाडी बरंच सांगते.

जलद टक्-टक्-टक् आणि मंद होणारे दिवे: बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे.

एकच जोरदार "टक्" आणि दिवे मात्र लख्ख: संशय स्टार्टर मोटरवर (सेल्फ) किंवा तिच्या सोलेनॉइडवर (मोटरला करंट जोडणारा स्विच) घ्या. बॅटरी बदलून इथे काही होणार नाही.

सेल्फ फिरतो, पण दमल्यासारखा, घुर्र… घुर्र…: बॅटरी, केबल किंवा अर्थिंग. माझी गाडी जानेवारीच्या आधी महिनाभर असाच आवाज करत होती आणि मी तो थंडीवर ढकलत होतो.

सेल्फ नेहमीसारखा जोरात फिरतो, पण इंजिन पेटत नाही: बॅटरी चांगली आहे. पेट्रोल, स्पार्क किंवा इमोबिलायझर (खरी किल्ली ओळखणारी चोरीरोधक यंत्रणा) बघावा लागेल. इथे पुन्हा पुन्हा सेल्फ मारत राहिलात तर चांगली बॅटरीही उतरेल.

काहीच नाही, एकही दिवा नाही: टर्मिनल निसटलंय, मुख्य फ्यूज उडालाय किंवा बॅटरी पूर्ण बसली आहे.

बटणाने चालू होणारी गाडी "किल्ली सापडत नाही" म्हणत असेल, तर रिमोटमधला छोटा सेल बहुधा संपलाय. बहुतेक गाड्यांत रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं की गाडी चालू होते. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पी किंवा एनवर आहे ना आणि ब्रेक पूर्ण दाबलाय ना, हेही बघून घ्या. नव्याने गाडी शिकलेले लोक इथे हमखास घाबरतात.

मग बॉनेट उघडा, दोन्ही टर्मिनल हाताने धरून हलवून बघा. टर्मिनल जरासुद्धा फिरलं, तर आधी ते आवळा आणि परत सेल्फ मारा. अनेकांचं काम इथेच संपतं.

२. जवळ काय लागेल

- डिजिटल मल्टिमीटर. इलेक्ट्रिकच्या दुकानातला साधा चालतो. दुकानाकडून बॅटरी बदलून घेणार असाल, तरी एवढा घ्याच.
- दहा नंबरचा पाना. बहुतेक छोट्या गाड्यांची टर्मिनलं दहाच्या पान्याने खुलतात. बॅटरी धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या नटाला काही गाड्यांत बारा नंबर लागतो, शिवाय तो नट खोल असेल तर लांब सॉकेटही.
- रबरी किंवा जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा.
- खाण्याचा सोडा, गरम पाणी, जुना टूथब्रश, सँडपेपरचा तुकडा.
- व्हॅसलिन किंवा पेट्रोलियम जेली.
- कोरडं जाड कापड.

कागदपत्रांपैकी जुन्या बॅटरीचं बिल आणि वॉरंटी कार्ड शोधून ठेवा. बॅटरी मुदतीत असेल, तर हाच कागद तुमचे काही हजार वाचवतो. गाडीचं मॅन्युअलही काढा. त्यात बॅटरीचा प्रकार लिहिलेला असतो.

आणि कामाआधी अंगठी, कडं, घड्याळाचा धातूचा पट्टा, गळ्यातली लोंबती साखळी, मंगळसूत्र काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये किंवा लाल टोक आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये धातू आला, तर शेकडो अँपिअर करंट त्यातून जातो. अंगठी क्षणात लाल होते आणि बोटातून निघत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजनही निघतो. म्हणून जवळ विडी-सिगारेट, काडीपेटी, उदबत्ती काहीच नको. ॲसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं पाण्याची धार सोडा आणि तडक डॉक्टर गाठा.

३. पहिला आकडा: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावा. लाल टोक अधिकवर, काळं उणेवर. मापन सकाळी, गाडी चालू करण्याआधी करा. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीची बॅटरी वरवरचा जास्त व्होल्टेज दाखवते आणि फसवते. सकाळपर्यंत थांबणं शक्य नसेल, तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग मोजा.

१२.६ किंवा थोडं वर म्हणजे पूर्ण चार्ज. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे पाव भागच उरला. ११.९ च्या खाली बॅटरी रिकामी समजा.

पहिली चूक इथेच होते. कमी आकडा दिसला की लोक बॅटरी मेली असं ठरवतात, पण कमी आकड्याचा अर्थ फक्त "बॅटरी रिकामी आहे" एवढाच. टाकी रिकामी झाली म्हणून आपण टाकी बदलत नाही. ती का रिकामी झाली आणि भरल्यावर पाणी धरते का, हे बघतो. म्हणून आधी चार्ज करा. घरी चार्जर असेल, तर बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-अवरच्या (एएच, म्हणजे साठवणीची क्षमता) दहाव्या भागाइतका करंट ठेवा. ३५ एएच बॅटरीला साडेतीन अँपिअर, म्हणजे सगळी रिकामी असेल तर दहा-बारा तास. घरी चार्जर नसेल, तर बॅटरीच्या दुकानात थोड्या पैशात चार्ज करून देतात. मग एक रात्र तशीच ठेवून परत मोजा. १२.५ च्या वर टिकली, तर तिच्यात जीव आहे. पूर्ण चार्जनंतरही १२.३-१२.२ वर घसरली, तर आतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे बसलेत.

आणि चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडकला, तर निकाल लागलाच. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. एक मेला की १२.६ मधून २.१ जातात. अशी बॅटरी पुन्हा उभी राहत नाही.

काही बॅटऱ्यांवर छोटा गोल डोळा असतो: हिरवा म्हणजे ठीक, काळा म्हणजे चार्ज करा, पांढरा म्हणजे पाणी संपलं. मी त्याच्यावर भरवसा ठेवत नाही, कारण तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो. तो सेल चांगला आणि शेजारचा मेलेला, असं होऊ शकतं. झाकणं उघडणारी जुन्या धाटणीची बॅटरी असेल, तर सहाही खणांत पाणी बघा. प्लेटा बुडालेल्या हव्यात आणि घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. फिल्टरचं पाणी नको, ॲसिड तर मुळीच नको.

४. दुसरा आकडा: सेल्फ मारताना

इथे मदतीला माणूस लागतो. तुम्ही मल्टिमीटरची टोकं बॅटरीच्या पोलवर धरा, तो सेल्फ मारेल. मीटर बॅटरीतून वर आलेल्या शिशाच्या खुंटावर, म्हणजे पोलवरच टेकवा, त्यावर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नाही.

सेल्फ फिरत असताना आकडा दहाच्या वर राहिला तर उत्तम. ९.६ च्या खाली कोसळला आणि बॅटरी आधी पूर्ण चार्ज केलेली होती, तर ती थकली आहे, बदलायला घ्या. आकडा आठ-सातपर्यंत गेला, तर शंकाच नको.

तिसरी शक्यता फार कोणी सांगत नाही. सेल्फ रडत-रडत फिरतोय आणि बॅटरीवर आकडा मात्र ११.५ च्या वर. म्हणजे बॅटरी ताकद द्यायला तयार आहे, ती स्टार्टरपर्यंत जात नाही. सैल टर्मिनल, आतून सडलेली केबल, गंजलेलं अर्थिंग. नवी बॅटरी आणलीत तरी आवाज तोच राहील.

५. तिसरा आकडा: इंजिन चालू असताना

इंजिन चालू करून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. मग हेडलाइट, एसीचा पंखा, मागच्या काचेचा हीटर असं सगळं लावा. आकडा थोडा उतरेल, पण साडेतेराच्या आसपास टिकायला हवा. १५ च्या वर जात असेल, तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय. बॅटरी फुगते, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. असा वास आला तर गाडी चालवू नका.

नव्या काही गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो. बॅटरी भरलेली असेल तर आकडा काही वेळ तेराच्या खालीही दिसतो. हेडलाइट लावून थोडं थांबा, एकदा तरी तो वर जायला हवा.

आकडा कमी दिसला, तर मेकॅनिककडे जाण्याआधी काकांच्या पद्धतीने अर्थिंग तपासा. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या उणे पोलवर आणि दुसरं इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर टेकवा. तिथे ०.१-०.२ च्या आसपास दिसायला हवं. माझ्या गाडीत १.२ दिसत होतं. एवढे व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते. हे करताना बेल्ट आणि पंख्यापासून ओढणी, बाह्या, केस लांब ठेवा. पंखा कधीही आपोआप चालू होतो.

आणि एक कळकळीची सूचना. "इंजिन चालू ठेवा आणि एक टर्मिनल काढा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब", ही तपासणी आजही काही गॅरेजात करतात. जुन्या डायनॅमोच्या काळात ती खपून गेली. आजच्या गाडीत बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळतं आणि ईसीयूसारखा (इंजिनचा संगणक) महागडा भाग जळू शकतो. कोणी करायला लागलं, तर हात धरून थांबवा.

६. तिन्ही आकडे ठीक, तरी दोन दिवसांत बॅटरी उतरते?

मग गाडी उभी असताना कोणीतरी करंट खातंय. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम किंवा डिकीत जळत राहिलेला दिवा, हे नेहमीचे संशयित.

मोजायला मीटर १० अँपिअरवर लावा. लाल टोक मीटरच्या वेगळ्या १०-अँपिअर भोकात घालावं लागतं. गाडी बंद, उणे केबल काढलेली. आता मीटरचं एक टोक त्या केबलला, दुसरं बॅटरीच्या उणे पोलला. अर्धा तास थांबा, कारण आजच्या गाड्यांतले कंट्रोलर झोपायला वेळ घेतात. नंतर २० ते ५० मिलिअँपिअर दिसलं तर ठीक. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो. आणि मोजून झाल्यावर लाल टोक परत व्होल्टच्या भोकात घाला. ते अँपिअरमध्येच राहिलं आणि तुम्ही बॅटरीचा व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटरमधूनच बॅटरी शॉर्ट होते.

हिशोब करून बघा. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. ३५ एएचची बॅटरी अर्धी व्हायला दोन आठवडे लागतात. तेच ५०० मिलिअँपिअर असेल, तर दीड दिवसात अर्धी. आकडा जास्त आला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला तो धपकन खाली येतो, त्या सर्किटमध्ये चोर आहे.

चोर सापडत नसेल, तर स्वतःच्या सवयी बघा. रोज दीड किलोमीटर ऑफिस आणि परत, एवढीच गाडी फिरत असेल तर सेल्फने खाल्लेलं परत भरतच नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवा.

७. आज गाडी चालूच करायची असेल तर

जम्पर केबल आणि चांगल्या बॅटरीची १२ व्होल्टचीच दुसरी गाडी हवी. दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत, दोन्ही बंद. क्रम असा: लाल केबल बसलेल्या, म्हणजे उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या उणेला. काळीचं शेवटचं टोक बसलेल्या बॅटरीला लावायचं नाही, त्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला लावायचं, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि ती हायड्रोजनजवळ नको. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना नेमका उलटा क्रम.

धक्का मारून चालू करणं फक्त गिअरच्या गाडीत. ऑटोमॅटिक ढकलून चालू होत नाही. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ ही हेल्पलाइन आहे. आणि फुगलेल्या, फुटलेल्या किंवा गळणाऱ्या बॅटरीला जम्प द्यायचाच नाही.

८. बॅटरी गेलीच आहे, आता खरेदी

आपल्याकडे बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते. ती थंडीत बंद पडते म्हणून दोष थंडीला मिळतो. निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्याच आठवड्यात आमच्याकडे सोसायटीत दोन-तीन गाड्या हमखास अडतात. पण खरं नुकसान एप्रिल-मेमध्ये बॉनेटखालच्या उष्णतेने झालेलं असतं. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो आणि उन्हाळ्यात झालेलं नुकसान उघडं पडतं. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या लोकांनी तिसऱ्या वर्षापासून पावसाळा संपला की मोजायला लागावं.

दुकानात जाण्याआधी जुन्या बॅटरीच्या लेबलचा, दोन्ही टर्मिनलांचा आणि ट्रेचा मोबाइलवर फोटो काढा. मग या गोष्टी जुळवा.

एएच: छोट्या पेट्रोल गाडीला बहुधा ३५, डिझेलला त्याहून बरीच मोठी. मॅन्युअलमध्ये असेल तेवढीच घ्या. "मोठी टाका, ताकद वाढेल" हा सल्ला ऐकू नका. ट्रेमध्ये नीट न बसलेली बॅटरी खड्ड्यांत हादरून लवकर मरते.

आकार आणि पोलची बाजू: लेबलवर ३८बी२०एल असं काही असतं. त्यातले २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये. शेवटचं एल किंवा आर म्हणजे अधिक-उणे कोणत्या बाजूला. उलटी आणलीत तर केबल पोहोचत नाही. ती ओढून पोहोचवणं किंवा बॅटरी उलटी फिरवणं असले प्रकार करायचे नाहीत. उलटी जोडलेली बॅटरी क्षणात फ्यूज आणि अल्टरनेटरचे डायोड उडवते. पोल जाड की बारीक, तेही बघा.

प्रकार: सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल, तर तिला ईएफबी किंवा एजीएम या जास्त दमाच्या प्रकारातली बॅटरी लागते. साधी टाकली तर ती काही महिन्यांत दम सोडते. दुकानदार "चालतं" म्हणाला तरी नको.

तारीख: शेल्फवर पडूनही बॅटरी उतरते. उत्पादनाची तारीख कोडमध्ये असते, तो कोड दुकानदाराकडूनच वाचून घ्या. सहा महिन्यांहून जुनी घेऊ नका. तुमचा मीटर बरोबर न्या आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच मोजा. १२.५ पेक्षा कमी असेल तर दुसरी मागा. मी असं करतो तेव्हा कोणी हसत नाही, उलट आतून ताजा माल येतो.

वॉरंटी: "२४ अधिक २४" असं लिहिलेलं असतं. पहिले २४ महिने बॅटरी बदलून मिळते. पुढच्या २४ मध्ये फक्त किमतीत सूट असते आणि तीही दर महिन्याला घटत जाते. मोठा आकडा बघून भुलू नका, पहिला आकडा बघा. बिलावर बॅटरीचा अनुक्रमांक आणि गाडीचा नंबर लिहून घ्या.

जुनी बॅटरी दुकानातच परत द्या. तिच्या शिशाची किंमत बिलातून कमी होते, आधी भाव विचारून घ्या. दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. उघड्यावर फोडून ॲसिड गटारात आणि शिसं मातीत जातं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि ती साखळी तुमच्या दुकानदारापासून सुरू होते.

९. जुनी काढा

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, सगळं बंद, किल्ली खिशात. एक काच खाली करून ठेवा. बॅटरी निघाल्यावर सेंट्रल लॉक बसलं, तर बाहेर अडकून पडाल.

सगळ्यात आधी उणे. हे पाठ करा. गाडीची सगळी बॉडी उणेला जोडलेली असते. उणे जोडलेलं असताना अधिकच्या नटावरचा पाना बॉडीला लागला, तर सरळ शॉर्ट, पाना जागीच चिकटतो. उणे आधी काढलं की हा धोकाच उरत नाही. काळी केबल बाजूला सारून कापडात गुंडाळा, म्हणजे ती परत पोलवर पडणार नाही. मग लाल.

काही गाड्यांत उणे क्लॅम्पवर छोटा सेन्सर आणि त्याची वायर असते. ते नाजूक असतं, हिसका नको. कोणताही क्लॅम्प निघत नसेल तर स्क्रू-ड्रायव्हर घालून वर उचकटू नका, हातोडी तर नकोच. पोल शिशाचा, मऊ, मुळापासून हलतो. नट पूर्ण सैल करा आणि क्लॅम्प डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत वर घ्या. पांढरी-निळी पूड असेल, तर सोड्याचं गरम पाणी घाला. फसफसेल, थांबा, ब्रशने घासा. ते पाणी झाकणांच्या फटीत जाऊ देऊ नका.

धरणारी पट्टी काढा, नट खाली पडला तर तो खालच्या कव्हरवर अडकून बसतो, म्हणून एक हात खाली धरा. ३५ एएचची बॅटरी नऊ-दहा किलोची असते, डिझेलची सतरा-अठरापर्यंत. पाठ सरळ ठेवून दोन्ही हातांनी, सरळ उचला. आडवी करू नका.

१०. नवी बसवा

ट्रे पुसा, सोड्याच्या पाण्याने धुवून पूर्ण कोरडा करा. दोन्ही क्लॅम्प आतून सँडपेपरने चकाकेपर्यंत घासा. इथे दिलेली पाच मिनिटं वाया जात नाहीत. आणि हात लावलाच आहे, तर काळी केबल बॉडीला आणि गिअरबॉक्सला जिथे आवळलेली आहे, ते बोल्टही उघडून, घासून, परत आवळा. मला त्या जानेवारीत हे कोणी सांगितलं असतं, तर चार हजार दोनशे वाचले असते.

बॅटरी ठेवा, पट्टी आवळा. हाताने हलवून बॅटरी हलायला नको, पण पट्टीने प्लास्टिक वाकेल एवढंही नको. आता आधी अधिक, मग उणे. क्लॅम्प पोलवर पूर्ण खाली बसवा, मग नट आवळा. हाताने फिरला नाही की पुरे. शेवटी वरून व्हॅसलिनचा पातळ थर. क्लॅम्पच्या आत लावायचं नाही, बाहेरूनच. लाल टोकावरचं टोपण विसरू नका.

उणे लावताना बारीक ठिणगी उडू शकते, त्याने दचकू नका.

११. पहिला आठवडा

गाडी चालू केल्यावर घड्याळ, रेडिओची स्टेशनं गेलेली असतील. खिडकी एका स्पर्शात वर जाणं बंद होतं. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरलं की ते परत येतं. स्टिअरिंगचा किंवा एबीएसचा दिवा पेटला, तर काही किलोमीटर चालवल्यावर बहुधा जातो. इंजिन पहिल्या दिवशी थोडं कमी-जास्त फिरेल.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनाही यातलं बरंच लागू आहे, कारण तिच्यातही दिवे, लॉक आणि संगणक चालवायला १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. तिथे उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलींना मात्र हात लावायचा नाही.

बॅटरीवर मार्करने बसवल्याची तारीख लिहा. बिल आणि वॉरंटी कार्डचा फोटो काढून ठेवा, छापील बिलाची शाई वर्षभरात उडते. मग तिन्ही आकडे परत मोजा: सकाळचा, सेल्फचा, इंजिन चालू असतानाचा. ते मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहा.

सात दिवसांनी सकाळी पुन्हा मोजा. आकडा १२.५ च्या वर असेल तर मीटर कपाटात ठेवा, पुढचं मापन ऑक्टोबरात. १२.४ च्या खाली असेल, तर दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी पायरी ५ आणि ६ परत करा.